थोराचं नाव

माझं नाव वसिली. आडनाव सांगत नाही, कारण ते अस्सल कराडचं आहे आणि ते ऐकलं की लोकांचा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. अठ्ठावन्न वर्षं मी हे नाव वापरतोय. चप्पल चावली तर माणूस दुसरी घेतो. नाव चावलं तर ते बापानं दिलेलं असतं, म्हणून तो लंगडत चालतो.

माझे वडील, म्हणजे अण्णा, कराडच्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल होते. त्या काळी रशियन पुस्तकांची मराठी भाषांतरं फार स्वस्तात मिळायची. कागद गुळगुळीत, बांधणी भक्कम आणि किंमत इतकी कमी की रद्दीवाल्यालाही संशय यावा. अण्णांनी ती वाचनालयासाठी घेतली, घरासाठी घेतली, आणि वाचून झाल्यावर त्यातलं एक नाव माझ्यावर खपवलं. कुठल्या पक्षाशी वगैरे त्यांचा काडीचा संबंध नव्हता. लाल रंग त्यांना फक्त उशिरा परत आलेल्या पुस्तकावर शेरा मारायला लागायचा.

बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं काम आत्याचं. माझ्या आत्याकडून अण्णांनी ते आदल्या दिवशी घोकून घेतलं होतं म्हणे. तरी ऐन वेळी तिनं माझ्या कानात ‘वसुली’ असं सांगितलं आणि बाकीच्या बायकांनी रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. म्हणजे शास्त्राप्रमाणे पाहिलं तर माझं खरं नाव वसुलीच आहे. पुढे आयुष्यात कुणाकडून काही वसूल मात्र झालं नाही.

आजीनं या नावावर मतच दिलं नाही. ती मला मरेपर्यंत ‘पोरा’ म्हणत आली. माझं लग्न झालं, मिश्या पिकायला लागल्या, तरी मी आपला पोराच. आजी तशी विक्षिप्त होती. दारावर आलेल्या कुणालाही ती रिकाम्या हातानं पाठवत नसे, पण सकाळी मोरपिसांची टोपी घालून वासुदेव गात आला की उठून दार लावून घ्यायची आणि तो गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत कडी काढायची नाही. आम्हाला ती गंमत वाटायची. अण्णा अशा वेळी न हसता पेपर वाचत बसायचे.

शाळेत मास्तर हजेरी घेताना माझ्यापाशी ठेचकाळायचे. एकानं ‘वशिला’ असं वाचलं आणि ते मला दहावीपर्यंत चिकटलं. गल्लीत दामूचा दाम्या होतो, गणूचा गण्या होतो, तसा माझा पहिल्यापासून वास्या झाला होता. अण्णाही वास्याच म्हणायचे. नाकाला रुमाल लावून ‘वास्या आला, वास आला’ म्हणायची कल्पना ज्या कार्ट्याला प्रथम सुचली, तो पुढे नगरसेवक झाला. मला त्याचं नवल वाटलं नाही.

मी रडत घरी यायचो आणि अण्णांना विचारायचो, हे कुणाचं नाव ठेवलंत? अण्णांचं उत्तर ठरलेलं होतं.

“थोराचं नाव आहे ते. जपून वापर.”

कुठला थोर, हे काही केल्या सांगायचे नाहीत. पुन्हा पेपरात डोकं. आठवीत मी एक दोनशे पानी वही घेतली आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘थोर वसिली’. अण्णा सांगत नाहीत तर आपण शोधू. वाचनालयातल्या विश्वकोशात, पेपराच्या क्रीडापानावर, जिथे म्हणून वसिली दिसेल तिथून उचलून मी तो वहीत आणून बसवायचो. चित्रकार वसिली. सेनापती वसिली. बुद्धिबळातला वसिली, वजनं उचलणारा वसिली, दगडांचा अभ्यास करणारा वसिली, एक संत वसिली. सगळी कर्तबगार मंडळी. फक्त त्यांच्यातल्या एकावरही कराडच्या शाळेत उभं राहून ‘हजर’ म्हणायची वेळ आली नव्हती. दर नवा थोर सापडला की मी अण्णांकडे वही घेऊन जायचो आणि विचारायचो, हा का? अण्णा चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, चांगला माणूस आहे. यापलीकडे शब्द नाही.

पुढे इंटरनेट आलं आणि थोरांचा पूर आला. हिमावर चेंडू मारणारे, ऑपेरात गाणारे, निवडणुकीत पडलेले, असे वसिली मी रोज रात्री जेवण झाल्यावर गोळा करू लागलो. एक वही संपली, दुसरी सुरू झाली. ज्याच्या हातून स्वतःचं काही धड झालेलं नसतं, तो आडनावाचा नाहीतर गावाचा अभिमान बाळगतो. माझ्या वाट्याला परके नावबंधू आले होते, मी त्यांचा बाळगला.

लग्नात बायकोला उखाणा घ्यायला लावला. ती दादरची, हजरजबाबी. तिनं घेतला: ‘कृष्णेच्या काठी जाईची वेल हसली, सर्वांच्या आग्रहाखातर नाव घेते, वसिली.’ टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून तिच्याच मावशीनं यमक पुरं केलं, ‘आणि पोरगी फसली’. त्या दिवसापासून आजतागायत बायकोनं माझं नाव घेतलेलं नाही. ती ‘अहो’ म्हणते, आणि सगळ्या जगात या नावाचा त्रास न झालेली ती एकटीच असावी.

बहरीनला मी आलो त्याला बावीस वर्षं झाली. हिद्दमधल्या एका कंपनीत स्टोअरचा माणूस हवा होता. कंपनी जहाजांना सुटे भाग पुरवायची. कागदपत्रं ईमेलनं गेली आणि ईमेलनंच नेमणूक आली. कागदावर कुणी नीट बघितलं नसावं, नाव बघूनच मंडळी खूश झाली होती. विमानतळावर कंपनीचा ड्रायव्हर ‘मि. वसिली’ अशी पाटी धरून उभा होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मी म्हटलं, मीच तो.

“भाईसाब, ज़रा साइड में,” तो अदबीनं म्हणाला, “रशियन साब आनेवाले हैं.”

मी साइडला झालो. पाऊण तास आम्ही दोघांनी मिळून त्या रशियन साहेबाची वाट पाहिली. खरं सांगायचं तर थोड्या वेळानं मलाही वाटायला लागलं होतं की न जाणो, येईलही. शेवटी मी पासपोर्ट काढून दाखवला. ड्रायव्हरनं फोटो पाहिला, मला पाहिलं, नाव पाहिलं आणि पाटी उलटी करून काखेत मारली.

त्या साहेबासाठी जुफैरमध्ये समुद्राकडे तोंड असलेला फ्लॅट सजवून ठेवला होता. आत फळांची टोपली आणि पांढरेशुभ्र टॉवेल. तिथे मी एक झोप काढली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा पासपोर्ट बघून मॅनेजरचा चेहरा उतरला. मग दार लावून दोन-तीन फोन झाले आणि दुपारपर्यंत मी हिद्दमधल्या एका खोलीत, आधीच्या तिघांत चौथा म्हणून दाखल झालो. कामात काडीचा फरक नव्हता. फक्त ते काम करणारा वसिली आता हिंदुस्थानी निघाला होता. फळांची टोपली मात्र मी बरोबर नेली, आणि त्या तिघांना पहिल्याच दिवशी मी फार दिलदार माणूस वाटलो.

आपण ज्याला वशिला म्हणतो त्याला इकडे वास्ता म्हणतात. ऑफिसातल्या एका हसऱ्या बहरीनी म्हाताऱ्यानं माझं नाव ऐकल्या ऐकल्या विचारलं होतं, वसिली म्हणजे वास्ताच का? मी म्हटलं, शाळेतही हेच म्हणायचे. तो खूप हसला आणि हा प्रश्न त्यानं बावीस वर्षं रोज विचारला. माझा वशिला कुठे लागला नाही ही गोष्ट वेगळी. बढतीची फाईल वर गेली की इंशाल्ला होऊन खाली यायची. अरबीत ‘व्ही’चा उच्चार नाही, त्यामुळे रहिवाशाच्या कार्डावर अरबी अक्षरांत मी ‘फासिली’ आहे. त्या नावाला निदान कुणी हसत नाही.

पुढे बायको आली, उम्म अल हस्सममध्ये भाड्यानं फ्लॅट घेतला, मुलगा झाला, वाढला. त्याला मराठी सगळं कळतं आणि तो उत्तर इंग्रजीत देतो. त्याच्या मते माझं नाव ‘कूल’ आहे आणि त्याला आम्ही चारचौघांसारखं नाव ठेवलं हा अन्याय आहे. मंडळाच्या गणपतीत अध्यक्ष दरवर्षी माईकवरून ‘आता आरतीला येत आहेत आपले रशियन मित्र’ असं म्हणतात. अध्यक्ष बँकेत मोठे साहेब आहेत, त्यामुळे सभागृह दरवर्षी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये खरोखरीचं रशियन जोडपं राहायला आलं. एका संध्याकाळी मी कचऱ्याची पिशवी घेऊन बाहेर पडलो आणि लिफ्टकडून एका बाईचा करडा आवाज आला, “वास्या!” मी जागच्या जागी म्हटलं, “काय गं?” लिफ्टमधून सहा फुटी टकला गृहस्थ बाहेर आला. तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे, आणि बाई दोघांकडे. त्याचं नाव वसिली होतं आणि रशियात वसिलीचा लाडानं वास्याच होतो, दाम्या-गण्याच्या चालीवर. कराडच्या गल्लीनं कुणाला न विचारता बरोबर रशियन व्याकरण चालवलं होतं.

तो विमानतळावर इंजिनांचं काही काम करतो. इंग्रजी आम्हा दोघांचंही बेतास बात, त्यामुळे छान जमतं. मी त्याला मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, तुझं नाव कुठल्या वसिलीवरून? तो म्हणाला, आजोबांवरून. मी विचारलं, आजोबा कोण होते? तो म्हणाला, ट्रॅक्टर चालवायचे, आणि आमच्या गावात सात वसिली होते. म्हणजे आपल्याकडच्या वसंतासारखं हे नाव. बापानं हौसेनं परदेशी कापड आणून त्याचा पायजमा शिवावा तसं झालं होतं. मला त्या दिवशी अण्णांचा भारी राग आला.

तरीही मी नाव बदललं नसतं. बदलायची पाळी गेल्या वर्षी एका मनी एक्स्चेंजच्या काउंटरवर आली. कराडला पैसे पाठवायला मी महिन्यातून एकदा तिथे जातो. काउंटरवरची मुलगी वसईची, ख्रिस्ती, बोलायला गोड. पहिल्याच भेटीत तिनं विचारलं होतं, अंकल, तुमचं नाव वसईवरून ठेवलंय का? मी म्हटलं होतं, वसईनं माझं काही वाकडं केलेलं नाही. यावेळी मात्र तिचा चेहरा पडलेला होता. पैसे वरच्या ऑफिसनं थांबवले होते. रशियावर निर्बंध आल्यापासून त्यांचा कॉम्प्युटर रशियन नावं बाजूला काढतो आणि त्यानं मला काढलं होतं. मी रशियन नाही आणि माझं नाव असं का आहे, हे एका फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. पहिला भाग सोपा होता. दुसऱ्या भागापाशी माझं पेन थांबलं, कारण उत्तर मला ठाऊकच नव्हतं. मी फॉर्म तसाच घडी घालून खिशात घातला. फ्लॅट द्यायच्या वेळी मी हिंदुस्थानी होतो आणि संशय घ्यायच्या वेळी रशियन. खलास, म्हटलं, आता हे नाव नको.

पासपोर्टची मुदतही संपत आली होती. वर्षभरात निवृत्त होऊन कराडला परतायचं होतं. तिथल्या सोसायटीच्या पाटीवर तरी माणसासारखं नाव असावं. नव्या नावासाठी घरात खल सुरू झाला. मंडळाच्या चिटणीसांना अंकशास्त्राचा नाद आहे, त्यांनी तीन नावं काढून दिली, तिन्ही सिनेमातल्या खलनायकाला शोभणारी. बायकोनं पोळ्या लाटता लाटता दोन मिनिटांत प्रश्न सोडवला. म्हणाली, अहो, वासुदेव करा. इंग्रजीत पहिली तीन अक्षरं तीच, सही फार बदलावी लागणार नाही, आणि वासुदेवाचाही वास्याच होतो, म्हणजे हाक मारणाऱ्यांचीही सोय. मला ते एकदम पटलं. इतकं साधं, देवाचं, आपलं नाव समोर असताना अण्णा थेट रशियाला का गेले, हेच मला कळेना.

प्रतिज्ञापत्र झालं. पेपरात द्यायच्या जाहिरातीचा मजकूर तयार झाला. आता एकच गोष्ट उरली होती. नाव टाकायचं ठरलंच होतं, पण कुणाचं टाकतोय ते टाकण्याआधी मला कळायला हवं होतं. अण्णा चौऱ्याऐंशीचे. विचारायला आता फार हिवाळे उरले नव्हते. म्हणून मी त्यांना व्हिजिट व्हिसावर दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं. बायकोला सांगितलं, हवापालटासाठी.

अण्णा जानेवारीत आले. आल्या आल्या त्यांनी इथल्या चहाला, लिफ्टला आणि माझ्या पोटाला नावं ठेवली. मग त्यांना एक विचित्र सवय लागली. संध्याकाळी समोरची बाई नवऱ्याला हाक मारायला लागली की अण्णा हातातला चहा टाकून दाराशी जायचे आणि दार किलकिलं करून उभे राहायचे. ‘वास्या, वास्या’ असं भांडणातलं काहीतरी चालायचं आणि हे ऐकत राहायचे. मला लाज वाटायची. मी म्हटलं, अण्णा, लोकांच्या घरातलं असं ऐकू नये. ते म्हणाले, रशियन मला कुठे कळतं. मी विचारलं, मग ऐकता काय? त्यांनी दार लावून घेतलं. थोड्या वेळानं म्हणाले, “असंच म्हणतात तिकडे. तळटीप होती पुस्तकात.”

एका शुक्रवारी मी कपाटातून दोन्ही वह्या काढल्या आणि त्यांच्यासमोर ठेवल्या. म्हटलं, अण्णा, यात जगातले झाडून सगळे नावाजलेले वसिली आहेत. यातल्या कुणाचं नाव मला ठेवलंत, तेवढ्यावर खूण करा. अण्णांनी चष्मा पुसला आणि लाल पेन मागितलं. मला वाटलं, सुटलो.

शनिवारी संध्याकाळपर्यंत ते वह्या वाचत होते. जेवायला सुद्धा टेबलावर वही. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या माझ्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका त्यांनी सुधारल्या. दोन सेनापती मुळात एकच होते हे दाखवून दिलं. गायकांपुढे ‘संदर्भ?’ असं लिहिलं. शेवटी वह्या मिटून एकावर एक ठेवल्या आणि माझ्याकडे सरकवल्या.

“मेहनत चांगली आहे,” ते म्हणाले. “यात नाही तो.”

माझं डोकं फिरलं. पन्नास वर्षांचं सगळं एकदम बाहेर आलं. वशिला, वास येतो, फसली, पाटी काखेत मारणारा ड्रायव्हर, मंडळाचे अध्यक्ष, सगळं मी म्हाताऱ्या बापाला उभं राहून ऐकवलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली आणि मला खुणा करत होती, पण मी कुठला थांबतोय. शेवटी म्हटलं, ठेवा तुमचा थोर तुमच्यापाशी. मी नाव बदलतोय. कागद तयार आहेत. वासुदेव करतोय.

 अण्णांनी हळूच वळून दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. आजीला जाऊन वीस वर्षं होऊन गेली होती.

“ते नाव घरात घ्यायचं नाही,” अण्णा खालच्या आवाजात म्हणाले.

हे घर कराडचं नाही, उम्म अल हस्सममधलं भाड्याचं आहे, हे त्यांना सांगायचं मला सुचलं नाही. बायको येऊन त्यांच्याजवळ बसली. मग त्यांनी जे सांगितलं ते मी अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो.

अण्णांना एक भाऊ होता, चार वर्षांनी मोठा. नाव वासुदेव. गल्लीत सगळे त्याला वास्या म्हणायचे. अण्णा त्याच्या मागे मागे असायचे. सायकल त्यानंच शिकवली. धरलीय धरलीय म्हणाला होता, आणि केव्हाच सोडून दिली होती. मॅट्रिकच्या वर्षाला, म्हणजे तेव्हाच्या अकरावीत, विषमज्वरानं तो गेला. तेराव्यानंतर आजीनं त्याची पुस्तकं, कपडे सगळं वाटून टाकलं, आणि अण्णांना नि आत्याला देवासमोर उभं करून शपथ घातली की हे नाव या घरात पुन्हा कुणी उच्चारायचं नाही. तिला ते ऐकवत नव्हतं. म्हणून ती दारावरच्या वासुदेवाचंही गाणं ऐकून घेत नसे. अण्णांनी शपथ पाळली. पुढे त्यांचं लग्न झालं, माझ्या आईला दिवस गेले, आणि एक दिवस वाचनालयात नव्या आलेल्या रशियन पुस्तकाला नंबर टाकताना पानाच्या तळाशी त्यांना एक ओळ दिसली: वास्या, वसिली या नावाचं लाडकं रूप.

“तिथेच खुर्चीवर बसलो मी,” अण्णा म्हणाले. “आईला दिलेला शब्द मोडला नाही. ते नाव मी कधी घेतलं नाही. वास्या रशियन आहे.”

मी विचारलं, आजीला कळलं होतं?

“तू पाळण्यात होतास तेव्हाच. बोलली काही नाही. फक्त तुला कधी नावानं हाक मारली नाही.”

मी विचारलं, मग मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत? त्यावर ते जरा चिडूनच म्हणाले की सांगताना नाव घ्यावं लागलं असतं. आजी गेल्यावर तरी सांगायचं, मी म्हटलं. ते म्हणाले, शब्द तिला दिलेला होता, ती गेल्यानं तो संपत नाही. ग्रंथपालाचा हिशेब असा असतो. मला हसू येईना आणि रडूही येईना. राग तर येतच होता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. शाळेत नाकाला रुमाल लावणाऱ्या पोरांसमोर मी ज्या हाकेची लाज बाळगली, ती मारता यावी म्हणून या माणसानं अख्खा रशिया घरी आणला होता.

“आणि मला थोराचं नाव म्हणून सांगायचात ते?” मी विचारलं.

“खोटं कुठे बोललो,” अण्णा म्हणाले. “थोराचं म्हणजे थोरल्याचं.”

जाहिरात मी दिली नाही. प्रतिज्ञापत्र बायकोनं डब्यांखाली घालायला घेतलं. पासपोर्ट जुन्याच नावानं नवा झाला. अण्णा मार्चमध्ये परत गेले. जाताना समोरच्या दारावरची बेल वाजवून त्यांनी त्या टकल्या गृहस्थाचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मराठीत त्याला म्हणाले, “वास्या, तब्येत सांभाळ.” तो बिचारा मान हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी इतके महिने घडी घालून ठेवलेला तो फॉर्म घेऊन मनी एक्स्चेंजमध्ये गेलो. अर्धा भरलेला फॉर्म पाहून वसईची मुलगी म्हणाली, द्या अंकल, मी लिहिते, तुम्ही सांगा. तिनं पेन घेतलं.

“नाव कुणाच्या नावावरून?”

“माझ्या काकांच्या.”

“काका रशियन होते?”

“कराडचे होते.”

तिनं ते लिहिलं. पुढचा रकाना व्यवसायाचा होता.

“काय करायचे ते?”

मी म्हटलं, “अकरावीत होते.”

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग त्या रकान्यात ‘विद्यार्थी’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि सही करायला फॉर्म माझ्याकडे सरकवला.